तिसरी मेथड

मास्तरीण चिडली होती, आणि सगळ्यात आधी चिडली ती आईवर. खरं तर चिडण्यासारखी माणसं दुसरी होती. पण ती अजून समोर यायची होती आणि आई समोरच होती, खाटेवर, डाव्या कुशीखाली उशी घेऊन.

"मग घंटा का नाही दाबलीस?"

"दाबली."

"आई, नोंद नाहीये. एकदाही नाही."

"मी दाबली म्हणतेय ना."

"साडेचार तास फरशीवर पडून होतीस तू. हाताला घंटा बांधलेली. एक बटण दाबायचं फक्त."

आईने तोंड खिडकीकडे वळवलं. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली बाई ती. समोरचा ऐकत नसला की लाइन तोडायची तिला सवय होती.

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळी सात वाजता आई न्हाणीघरातून बाहेर येताना ओल्या पायाने घसरली. पडली ती दार आणि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत. तिथून उठायला आधार म्हणावा असं काही नव्हतं. साडेअकराला फरशी पुसणाऱ्या बाईने दार ढकललं, ते आईच्या पायाला लागलं, तेव्हा कुठे वृद्धनिवासात धावाधाव झाली. हाड मोडलं नव्हतं. कूस काळीनिळी पडली होती, एवढंच. पण थंड फरशीवर इतका वेळ पडून राहिल्यामुळे तिचा आवाज बसला होता, आणि त्या बसलेल्या आवाजात ती जे सांगत होती त्यावर कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

निवासात प्रत्येकाच्या मनगटाला घड्याळाएवढी घंटा बांधलेली असे. बटण दाबलं की खालच्या काउंटरवरच्या पडद्यावर त्या खोलीचा नंबर लाल व्हायचा आणि मोठ्याने टुंगटुंग वाजायचं. एरवी प्रत्येक नंबरापुढे हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे घंटा चालू आहे, काळजीचं कारण नाही. मंगळवारी सात ते साडेअकरा खोली चौदाचा ठिपका हिरवाच होता आणि बटण दाबल्याची एकही नोंद नव्हती.

निवासप्रमुख बाईंनी दुपारी चारला मास्तरणीच्या देखत तीच घंटा दाबून दाखवली. खाली पडदा लाल झाला, टुंगटुंग वाजू लागलं. "बघा ताई," त्या म्हणाल्या. वाद घालायची गरजच उरली नाही अशा थाटात म्हणाल्या. मग टेबलावरून एक फॉर्म पुढे सरकवला. "आजींना घंटा हाताला आहे हेच आठवलं नसणार. असं सुरू होतं हळूहळू. डॉक्टरांचंही मत पडलं की आता तिसऱ्या मजल्यावर हलवावं. खोली एक रिकामी आहे. शुक्रवारी पाचपर्यंत सही द्या, नाहीतर यादीत पुढच्याला द्यावी लागेल."

तिसरा मजला म्हणजे विसरणाऱ्यांचा मजला. दाराला आकडे दाबायचं कुलूप. आत गेलेला माणूस सोबत घेतल्याशिवाय बागेतसुद्धा येऊ शकत नसे. फोन ठेवायचा प्रमुखबाईंच्या कपाटात. मुलाची आणि मुलीची अशा दोन सह्या लागत होत्या. दादाने आपली सही दुसऱ्या शहरातून पाठवूनही दिली होती. "तिला कळेनासं झालंय ग," तो फोनवर म्हणाला. "आपण तरी शहाणपणाने वागू."

मास्तरणीने फॉर्म पर्समध्ये टाकला. त्या पडद्याचा प्रोग्राम तिच्याच कंपनीचा होता. आईला इथे आणलं तेव्हा काउंटरपाशी उभं राहून तिने कौतुकाने सांगितलं होतं, "हे आमचं काम." आपल्या कामावर तिचा आंधळा विश्वास होता, आणि आईच्या शब्दावर किती होता, ते आता दिसत होतं.

तिला मास्तरीण म्हणायचे ते ऑफिसात. अकरा वर्षांत नवा प्रोग्रामर आला की इंटरफेसचा धडा तिच्याकडूनच घ्यायचा, अशी तिथली पद्धत पडून गेली होती. मीटिंगच्या खोलीत फळ्यावर ती तीन आडव्या रेघा ओढायची आणि सुरू व्हायची. "इंटरफेस म्हणजे करारनामा. इथे लिहिलंय की जी कोणी घंटा आपल्या पडद्याशी जोडायची आहे, तिला तीन कामं आलीच पाहिजेत. दाबलं की कळव. सांगितलं की गप्प हो. आणि चालू आहेस का विचारलं की उत्तर दे. तीन कामं, तीन मेथड. घंटा या कंपनीची असो की त्या कंपनीची, आत तार असो की बिनतारी, आपल्याला काय करायचंय? आपण तिच्या पोटात शिरायचं नाही. करार केलाय ना, मग काम सांगायचं आणि मोकळं व्हायचं."

मग कोणीतरी विचारायचंच की करार पाळला की नाही ते बघतं कोण. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "कंपायलर. तो दारावरचा कारकून. तिन्ही रकाने भरलेत का तेवढं बघतो. एक जरी रिकामा असला तरी आत सोडत नाही. तो गप्प बसला की समजायचं, आपलं काम झालं." इथे पोरं हसायची, तीही हसायची. धडा चांगला होता. तिचं नाव त्या धड्यावरच झालं होतं.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता तिने नेहमीप्रमाणे आईला फोन लावला होता. रोजचा फोन असायचा दीड मिनिटाचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस नीट?" "हो." "चल, मीटिंग आहे." त्या दिवशी फोन वाजून वाजून थांबला. नातेवाइकांसाठी कंपनीनेच केलेलं ॲप तिने उघडून बघितलं. खोली चौदा, हिरवा ठिपका. बागेत गेली असेल, असं म्हणून तिने फोन खिशात टाकला आणि दोन नव्या मुलींना इंटरफेस शिकवायला गेली. आई तेव्हा फरशीवर होती. हे आठवलं की मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती कोणावर काढावी ते न कळून ती पुन्हा आईवरच निघायची.

बुधवारी संध्याकाळी ती परत गेली. फॉर्म पर्समध्ये होता आणि पेनही होतं. आईला समजावून सांगायचं, रडारड होऊ द्यायची नाही, आणि सही करायची, असं तिने मनाशी घोकलं होतं.

आई उठून बसली होती. मनगटावरची घंटा तिने सोडून शेजारच्या टेबलावर ठेवली होती, उलटी.

"ती बांध आधी."

"कशाला? मुकी आहे ती."

"काल माझ्यासमोर वाजली."

"काल चारला वाजली," आई म्हणाली. "सकाळी सातला मुकी होती. हे बघ, तुला ऐकायचं नसेल तर तसं सांग, मी आपला श्वास वाचवते. पण एकदा सांगणारच. एरवी हे बटण दाबलं ना, की मनगटाला बारीक थरथर लागते. म्हणजे पलीकडे पोचलं. त्या दिवशी मी दाबलं, थरथर नाही. पुन्हा दाबलं, नाही. शंभर वेळा दाबलं असेन. अंगठा बघ माझा."

तिने अंगठा पुढे केला. टोकाशी कातडी सोलवटून लाल झाली होती.

मास्तरीण त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"आमच्या बोर्डावर दिवे असायचे," आई पुढे म्हणाली. "दिवा लागलेला असला म्हणजे लाइन चालू, असं नवीन पोरींना वाटायचं. मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायचे की दिव्यावर जाऊ नका. दिवा काय, तो बोर्डाचा दिवा. पलीकडचा माणूस बोलला तर लाइन आहे. सकाळी पाळीवर आले की एकेक लाइन लावायची, पलीकडून 'हां, बोला' ऐकायचं, तेव्हाच खूण करायची. दोनशे लाइनी. सुपरवायझर ओरडायचा, वेळ जातो म्हणून. ओरडू दे. मेलेल्या लाइनीवर मी कोणाचा कॉल कधी टाकला नाही."

ज्या बाईला हाताला घंटा आहे हेसुद्धा आठवत नाही म्हणे, ती बाई तीस वर्षांपूर्वीच्या दोनशे लाइनी आठवत होती. आणि मास्तरणीच्या डोक्यात एक विचार शिरला, पायात काटा शिरावा तसा. पडद्याने सांगितलं होतं की घंटा चालू आहे. पण पडद्याला हे सांगितलं कोणी?

"घंटेचे सेल कोण बदलतं ग?"

"इलेक्ट्रिशियन. पहिल्या मंगळवारी पहिला मजला, दुसऱ्या मंगळवारी दुसरा, असं चालतं त्याचं. काल आमचा होता. मी तिकडे तपासणीच्या खोलीत होते, घंटा इथे काढून ठेवलेली, तेव्हाच बदलून गेला."

सही न करता ती घरी आली.

गुरुवारी सकाळी ऑफिसात कोणी यायच्या आत तिने त्या घंटेची फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी कंपनीने जुन्या घंटा काढून नव्या, दुसऱ्या बनावटीच्या घेतल्या होत्या. नव्या घंटेसाठी करारातल्या तीन मेथड नव्याने लिहिलेल्या होत्या. पहिली, दाबल्याचं कळवणारी, चाळीस ओळींची, नीटस. दुसरी, गप्प करणारी, पंधरा ओळींची. तिसरी मेथड, चालू आहेस का असं विचारल्यावर उत्तर देणारी, एका ओळीची. रिटर्न ट्रू.

म्हणजे कोणीही, कधीही विचारा, उत्तर 'हो'. घंटेला काही विचारायचं नाही, सेल बघायचा नाही, पलीकडे कोणी आहे का ते ऐकायचंसुद्धा नाही. घंटा कचऱ्याच्या डब्यात असली तरी हो, तुकडे झाले तरी हो. ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'सध्यापुरतं'.

ते 'सध्यापुरतं' बघून तिला जो संताप आला, त्याला तोड नव्हती.

फाइल गुणीची होती. गुणी म्हणजे तिचा पहिला विद्यार्थी, आता पस्तिशीला आलेला, टीमचा प्रमुख. सांगितलेलं काम सांगितल्या दिवशी करतो म्हणून हे नाव तिनेच त्याला दिलं होतं. तो साडेनऊला आला, बॅग खुर्चीला अडकवतोय तोवर तिने त्याला हाक मारली.

"हे काय आहे?"

गुणीने वाकून पडद्याकडे बघितलं. "नव्या घंटेचा कोड. का?"

"तिसरी मेथड वाच. मोठ्याने."

त्याने वाचली. आजूबाजूला दोघं-तिघं आले होते, ते आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले.

"मॅडम, त्या घंटेला ते विचारायची सोयच नाही," गुणी म्हणाला. "ती फक्त दाबल्यावर बोलते. तुम्ही चालू आहेस का विचारलं तर ती उत्तरच देत नाही. आणि इंटरफेसमध्ये तिसरी मेथड सक्तीची. ती लिहिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देईना. दुसऱ्या दिवशी डेमो होता."

"म्हणून तू खोटी सही ठोकून दिलीस."

"खोटी काय त्यात? करारात लिहिलंय, हो किंवा नाही उत्तर द्यायचं. मी हो दिलं."

"माझी आई साडेचार तास फरशीवर होती," मास्तरीण म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि तिला ओळखणाऱ्यांना त्याचीच जास्त धास्ती वाटायची. "घंटा मेलेली होती. तुझी मेथड सांगत होती की चालू आहे. त्या जोरावर निवासवाल्यांनी ठरवलं की म्हातारीला भ्रम झालाय, आणि उद्या तिला कुलपात घालायला निघालेत. मीही निघाले होते. पेन घेऊन गेले होते मी काल. तुला कळतंय का काय केलंस ते? रकाना रिकामा ठेवला असतास तर कारकुनाने अडवलं असतं. कोणीतरी ओरडलं असतं. तू तो भरलास आणि सगळ्यांची तोंडं बंद केलीस."

गुणीचा चेहरा उतरला. पण तो खाली बघून गप्प बसणाऱ्यातला नव्हता, आणि तसा नव्हता याचंही श्रेय तिचंच होतं.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही घाईत होता. तुम्ही विचारलंत, कंपायलर गप्प बसला ना? मी म्हटलं, बसला. तुम्ही म्हणालात, मग झालं. आणि मॅडम, तपासणाऱ्याचं नाव बघा."

तिने बघितलं. फाइलच्या इतिहासात, गुणीच्या नावाखाली, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला, तपासणाऱ्याच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं. पुढे एक शब्द लिहिला होता, 'उत्तम'.

तो दिवस तिला आठवेना. डोक्याला कितीही ताण दिला तरी आठवेना. आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. विसरली कोण होती, तर ती.

माणसाचा राग असा मध्येच निराधार झाला की फार वाईट अवस्था होते. मास्तरणीने हातातलं पेन टेबलावर इतक्या जोरात आपटलं की टोपण उडून कोणाच्या तरी चहात पडलं. कोणी हसलं नाही. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चल, बस इथे. तिसरी मेथड काढून टाकू."

"काढून टाकली तर अकरा निवासांचे पडदे बंद पडतील."

"मग बदलू. चालू आहेस का असं विचारायचंच नाही. तो प्रश्नच चुकीचा आहे, त्याला कोणीही हो म्हणतं. विचारायचं, शेवटचं कधी बोललीस? उत्तर वेळेचं पाहिजे, तास, मिनिट. ती वेळ खोटी ठोकता येणार नाही असं करू. आणि ज्या घंटेकडे उत्तर नाही तिचा ठिपका काळा."

"नव्या घंटा बोलतच नाहीत, मॅडम. सगळेच्या सगळे ठिपके काळे होतील."

"होऊ देत. खरे तेच आहेत."

चारपर्यंत दोघांनी ते लिहून काढलं. साहेब म्हणाले, फार छान, सोमवारी बैठक घेऊन बघू, तोवर बाहेर कुठे बोलू नका. मास्तरीण हो म्हणाली, जागेवर आली आणि अकराच्या अकरा निवासांना स्वतःच्या नावाने पत्र पाठवलं. हिरव्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक घंटा आज हाताने दाबून बघा, चूक आमची आहे, माझी आहे. साहेबांचे लागोपाठ तीन फोन आले. तिने एकही घेतला नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला ती निवासप्रमुख बाईंच्या समोर जाऊन बसली. सोबत आईला घेऊन आली होती, चाकाच्या खुर्चीतून. प्रमुखबाईंना ते आवडलं नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत. फॉर्म मधोमध टेबलावर होता, दादाची सही झालेला.

"तुमचं पत्र बघितलं," प्रमुखबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे तर सगळं व्यवस्थित आहे. पडदा तुम्हीच बघा ना."

पडदा काउंटरवर होता, काचेतून दिसत होता. चौसष्ट खोल्या, चौसष्ट हिरवे ठिपके.

मास्तरणीने आईच्या मनगटावरची घंटा सोडली. पर्समधून नाणं काढून तिचं मागचं झाकण फिरवलं. आतला सेल काढला आणि फॉर्मवर ठेवला, बरोबर स्वतःच्या सहीच्या रिकाम्या जागेवर. मग रिकामी घंटा प्रमुखबाईंच्या हातात दिली.

"दाबा."

त्यांनी दाबली. काही झालं नाही.

"पुन्हा दाबा. शंभर वेळा दाबा. अंगठा सोलेपर्यंत दाबा. आणि खोली चौदा बघा."

खोली चौदा हिरवी होती. पाच मिनिटं तिघी बघत बसल्या. ठिपका हिरवाच राहिला. प्रमुखबाई मध्येच एकदा हातातल्या पोकळ घंटेकडे आणि एकदा पडद्याकडे बघत, पण दोहोंचा मेळ बसेना.

"मंगळवारी सकाळी हेच झालं," मास्तरीण म्हणाली. "सेल संपलेला होता. दुपारी तुमच्या माणसाने नवीन घातला, चारला आपण वाजवून बघितली, आणि आईला वेडी ठरवून मोकळे झालो."

"म्हणजे चूक तुमच्या प्रोग्रामची," प्रमुखबाई जरा सावरून म्हणाल्या.

"हो. मीच तपासला होता तो. लिहून देते, कुठे सही करायची सांगा. पण आता तुम्ही सांगा. आठला नाश्ता असतो. चौदा नंबरची बाई नाश्त्याला आली नाही. साडेनऊला गोळ्या असतात. त्या घ्यायलाही आली नाही. एकालाही जिना चढून दार वाजवावंसं वाटलं नाही?"

प्रमुखबाईंनी ओठ दाबले. "पडदा हिरवा होता," त्या म्हणाल्या.

मंगळवारी नऊ वाजता मास्तरणीनेही मनाशी हेच म्हटलं होतं, फोन खिशात टाकताना.

इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "दुसऱ्या मजल्याचे सेल अजून बदलायचेत ना? पुढच्या मंगळवारी?"

दोघी तिच्याकडे बघू लागल्या.

"मग बसलात काय? एकीने इथे पडद्यापाशी थांबायचं. दुसरीने वर जाऊन एकेक घंटा दाबायची. दाबली की तिने खाली ओरडायचं, इकडे वाजलं की हिने वर ओरडायचं. वाजल्याशिवाय खूण करायची नाही. मला कागद द्या, खुणा मी करते."

प्रमुखबाई वर गेल्या. त्यांच्या चपलांचे आवाज जिन्यावर घाईने वाजत गेले. मास्तरीण पडद्यापाशी उभी राहिली, आणि आई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कागद घेऊन, चष्मा नाकावर सरकवून. बसक्या आवाजात ती एकेक नंबर पुकारत होती आणि 'हां' ऐकू आल्याशिवाय पेन टेकवत नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या बावीस घंटांपैकी तीन मुक्या निघाल्या. एकोणतीस, चौतीस आणि चाळीस. चाळीसमधल्या आजोबांना तर अंथरुणातून उठताच येत नव्हतं. तिघांचेही ठिपके हिरवे होते.

तीन नंबरांभोवती गोल काढलेला तो कागद प्रमुखबाईंनी घेतला, घडी केली, उलगडली. "मी डॉक्टरांशी बोलते," त्या म्हणाल्या. "आजी आहेत तिथेच राहतील." फॉर्म त्यांनी स्वतःच उचलून खणात टाकला. सेल घरंगळून फरशीवर गेला, तो कोणी उचलला नाही.

मास्तरणीने आईला खोलीत आणलं, खाटेवर बसवलं, पाय वर घेऊन दिले. काम फत्ते झालं होतं. आपण आईला सोडवलं, असं काहीतरी तिला वाटू लागलं होतं, आणि आई आता काहीतरी गोड बोलेल याची ती नकळत वाट बघत होती.

आई म्हणाली, "म्हणजे आता पटलं तुला."

"हो ग आई."

"त्या मशीनच्या आतलं वाचलंस, तेव्हा पटलं."

मास्तरणीने पांघरूण ओढून आईच्या पायांवर घातलं.

"मी मंगळवारीच सांगितलं होतं. दाबली म्हणून. दोनदा सांगितलं. आज शुक्रवार आहे." आई हे रागाने म्हणाली, मुलीच्या डोळ्यात बघून, शब्द एकेक करून ठेवत. "त्या फरशीवर पडले होते तेव्हा मला भीती नव्हती वाटली. वाटलं, येईल कोणीतरी, आणि नऊला तुझा फोन येतो, मी उचलला नाही की तू काहीतरी करशील. फोन वाजला, टेबलावर. मी मोजत होते, दहा वेळा वाजला. मग बंद झाला. मग मला भीती वाटली."

खाली कोणीतरी घंटा दाबून बघत असावं, टुंगटुंग आवाज आला आणि थांबला. मास्तरणीला माफी मागायची होती, पण माफीचा शब्द तोंडात आला की तो इतका तयार, इतका गुळगुळीत वाटायचा की तिने तो गिळून टाकला. ती तशीच उठून घरी गेली.

शनिवारी सकाळी नऊ वाजता तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला. 'बरी आहेस ना' हे शब्द जिभेवर आलेच होते, रोजच्यासारखे, आणि पलीकडून 'बरी आहे' हे येणारच होतं, तेही रोजच्यासारखं. किती वर्षं ते येत होतं, आणि त्यातलं खरं किती, हे तिने एकदाही तपासलं नव्हतं. तिने ते शब्द मागे घेतले.

"आई, काल तुला झोप किती वाजता लागली?"

पलीकडे शांतता पसरली. इतकी लांबली की मास्तरणीने फोन कानापासून काढून बघितला, लाइन आहे की गेली.

"चार वाजता," आई म्हणाली. "कूस ठणकते. आणि तुझा राग आलाय मला, तो जात नाहीये. हे ऐकायला वेळ आहे का तुला, की मीटिंग आहे?"

"मीटिंग आहे," मास्तरीण म्हणाली, "पण मी जात नाहीये."

"मग बस खाली," आई म्हणाली. "बरंच आहे."

मास्तरीण जिथे उभी होती तिथेच खाली बसली.